दहावीचे इंग्रजी आणि घरातला सबक

दिवाळीची सुट्टी संपून दुसरे सत्र सुरू झाले की दहावीचे पालक शाळेत भेटायला येऊ लागतात. प्रश्न बहुतेकांचा एकच असतो : "बाकी विषय ठीक आहेत, इंग्रजीचं काय करायचं?" कुणी चांगला क्लास विचारतो, कुणी कोणते गाईड घ्यावे ते विचारतो. सोबत आलेली अम्मी बहुधा गप्प असते. आम्ही तिच्याकडे पाहिले की ती म्हणते, "हमको तो अंग्रेजी आती नहीं, हम क्या पढाएंगे?" या महिन्याचा लेख त्या अम्मीसाठी आहे.

तिला आम्ही उलट विचारतो, "मुलाचा नूरानी कायदा कोणी घेतला?" उत्तर येते, "मीच." नाजिराही तिनेच ऐकलेला असतो. अरबी भाषा तिला येत नाही. तरी मुलाने मद्द कमी ओढली, 'काफ'च्या जागी दुसरा 'काफ' काढला, की भाकरी थापता थापता ती तिथूनच टोकते. कान तयार असला की चूक टोचते, भाषा येत असो वा नसो. इंग्रजीच्या अभ्यासात आमच्या मुलांना नेमका असा ऐकणारा कुणी नसतो. क्लासमध्ये चाळीस मुले, शाळेत साठ. रोज प्रत्येकाचे ऐकणार कोण?

उर्दू आणि मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजी ही तृतीय भाषा असते. लेखी कृतिपत्रिका 80 गुणांची आणि 20 गुण अंतर्गत मूल्यमापनाचे. पुस्तक 'माय इंग्लिश कोर्सबुक'. नवीन प्रत नसेल तर बालभारतीच्या संकेतस्थळावर ते फुकट मिळते. कृतिपत्रिकेत व्याकरण वेगळे काढून फारसे विचारत नाहीत, बरेचसे उताऱ्याखालीच येते. पुस्तकातले उतारे असतात, पुस्तकाबाहेरचा न वाचलेला उताराही असतो. शिवाय इंग्रजी शब्द, वाक्य आणि म्हण आपल्या माध्यमाच्या भाषेत उतरवा, असाही एक प्रश्न असतो. म्हणजे उर्दू माध्यमाच्या मुलाने उर्दूत लिहायचे आणि मराठी माध्यमाच्या मुलीने मराठीत. तेव्हा घरात चांगली उर्दू किंवा चांगली मराठी असणे हीही इंग्रजीच्या पेपरची तयारीच आहे. हे पालकांच्या लक्षातच येत नाही.

आता शब्दांचे पाहू. मुले गाईडमधले पन्नास शब्द एका रात्रीत पाठ करतात आणि आठवड्याने त्यातले दहाही आठवत नाहीत. मग "डोकं चालत नाही" असा शिक्का बसतो. आमच्या मोहल्ल्यातला बारा-तेरा वर्षांचा हाफिज मुलगा पाहा. त्याचे डोके काही वेगळे नसते, त्याच्या उस्तादांची रीत वेगळी असते. मदरशात हिफ्ज करणारा मुलगा रोज तीन गोष्टी ऐकवतो. सबक म्हणजे आजचा नवा भाग. सबकी म्हणजे मागच्या काही दिवसांचा भाग. आणि मंजिल म्हणजे जुने पाठ झालेले, ज्याला काही ठिकाणी आमुख्ता म्हणतात. नवा सबक कितीही छान पाठ असो, जुने ऐकवल्याशिवाय उस्ताद पुढे जाऊ देत नाहीत. आपल्याकडे ही रीत शेकडो वर्षे चालत आली आहे आणि आपणच ती शाळेच्या अभ्यासाला लावत नाही.

इंग्रजीच्या शब्दांना तीच लावायची. एक साधी वही घ्या. रोज पाच नवे शब्द, तेही धड्यातूनच. शब्द, शेजारी उर्दू किंवा मराठी अर्थ, खाली त्या शब्दाचे स्वतः केलेले एक वाक्य. हा सबक. त्यानंतर गेल्या आठ दिवसांचे शब्द, ही सबकी. आणि आठवड्यातून एकदा, जुम्म्याच्या दिवशी म्हणा, वहीचे मागचे कोणतेही पान उघडून मंजिल. आजपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत 80 दिवस धरले तर 400 शब्द होतात. आकडा मोठा वाटत नसेल, पण हे 400 शब्द मुलाचे स्वतःचे असतील. परीक्षेच्या हॉलमध्ये तेवढे पुष्कळ आहेत.

यात अम्मीने काय करायचे? वही तिच्या हातात. तिने अर्थ वाचायचा, मुलाने इंग्रजी शब्द सांगून त्याची अक्षरे म्हणायची. ती "इजाजत" म्हणेल, तो 'परमिशन' म्हणेल आणि स्पेलिंग सांगेल. अम्मीला एबीसीडी येत असेल तर ती अक्षरावर बोट ठेवून तपासेल. येत नसेल तर धाकट्या भावंडाला शेजारी बसवा, त्याचाही अभ्यास होतो. चुकला शब्द की पेन्सिलीने खूण करायची आणि दुसऱ्या दिवशी तो पुन्हा सबकात घ्यायचा.

वाचनाच्या बाबतीत मात्र नाजिराची सवय जशीच्या तशी उपयोगाची नाही, हे स्पष्ट सांगायला हवे. आमच्या वर्गात अशा मुली आहेत ज्या इंग्रजीचा धडा अडखळल्याशिवाय वाचतात. उच्चारही सुंदर. कारण उघड आहे, लहानपणापासून लिपी ओळखून शुद्ध वाचायची तालीम झालेली. पण पुस्तक मिटून "काय वाचलंस?" म्हटले की खाली बघतात. कलामे पाकची तिलावत अर्थ न समजता केली तरी तिचा सवाब आहे. इंग्रजीच्या धड्याला तो सवाब नाही, आणि कृतिपत्रिकेत त्याला गुणही नाहीत. म्हणून नियम करा की एक परिच्छेद मोठ्याने वाचायचा, पुस्तक पालथे घालायचे आणि घरच्या भाषेत दोन वाक्यांत सांगायचे, काय होते त्यात. अम्मीला पटले पाहिजे. तिला गोष्ट कळली नाही तर समजा मुलालाही ती कळलेली नाही. उताऱ्याचा सारांश लिहा म्हणून जो प्रश्न येतो, त्याची ही खरी तयारी. न वाचलेल्या उताऱ्यासाठीही हेच. फक्त तिथे आधी खालचे प्रश्न वाचायचे, मग उतारा. एखादा शब्द अडला तर तिथेच रुतून बसायचे नाही, वाक्य पूर्ण करून पुढे जायचे. बहुतेक वेळा पुढचे वाक्य मागच्याचा अर्थ सांगते.

व्याकरणाची भीती सर्वांत जास्त, आणि आमच्या मते सर्वांत विनाकारण. आमचा मुलगा घरी दखनी बोलतो, वर्गात किताबी उर्दू, बाजारात मराठी आणि मकतबमध्ये अरबी वाचतो. घरी 'बातां' म्हणणारे पोर निबंधात बरोबर 'बातें' लिहिते. कुठे काय चालते हे त्याला कळते, कुणी न शिकवता. अशा मुलाला "तुला भाषा जमत नाही" असे म्हणणे आम्हाला तरी पटत नाही.

'द' हा शब्द कुठे लावायचा यावर मुले सर्वांत जास्त चुकतात, कारण उर्दूत असे काही नाही आणि मराठीतही नाही. पण अरबीत आहे. 'किताब' म्हणजे कोणतेही एक पुस्तक आणि 'अल-किताब' म्हणजे ते ठरावीक पुस्तक. हाच 'अल' आमच्या मुलांच्या नावात बसला आहे. अब्दुल करीममध्ये आहे, शम्सुद्दीनमध्ये आहे, नूरुल ऐनमध्येही आहे. वर्गात हे सांगितले की मुले आपापल्या नावात 'अल' शोधू लागतात आणि 'द'ची गाठ सुटते. पुढे जाऊन पाहा. मकतबमध्ये शम्सी आणि कमरी हुरूफ शिकवतात. 'अल-कमर' म्हणताना लाम ऐकू येतो, 'अश-शम्स' म्हणताना तो पुढच्या अक्षरात मिसळतो. पुढचा ध्वनी पाहून मागचा बदलतो. इंग्रजीतही 'द बुक' पण 'दी ॲपल'. 'अ' आणि 'ॲन'चेही तसेच. लिहिलेल्या अक्षराकडे पाहायचे नाही, कानाला काय येते ते पाहायचे. 'ॲन अवर', कारण तिथला एच मुका आहे. 'अ युनिव्हर्सिटी', कारण सुरुवातीला 'य' ऐकू येतो. तजवीद शिकलेल्या मुलाला यात नवीन काय आहे? फक्त एक सावधगिरी. अरबीत 'अल' जास्त ठिकाणी येतो. एकूण ज्ञानाबद्दल बोलताना 'अल-इल्म' म्हणतात, इंग्रजीत मात्र तिथे नुसते 'नॉलेज', 'द' नाही.

दुसरी नेहमीची चूक 'सिन्स' आणि 'फॉर'ची. आपण "दोन वर्षांपासून" म्हणतो आणि "सोमवारपासून"ही म्हणतो. उर्दूत दोन्हीकडे 'से'. इंग्रजीत वाट फुटते. काळ किती, हे सांगायचे असेल तर 'फॉर टू इयर्स', आणि सुरुवात कधी, हे सांगायचे असेल तर 'सिन्स मंडे'. क्रियापदही बदलते. "मी दोन वर्षांपासून इथे राहतो"चे 'आय ॲम लिव्हिंग' नव्हे, 'आय हॅव बीन लिव्हिंग हिअर फॉर टू इयर्स'. असेच रिपोर्टेड स्पीचचे. "अब्बू म्हणाले की मी उद्या येतो." आपल्याकडे 'की' नंतर बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे राहतात आणि 'मी' म्हणजे अब्बू, हे सगळ्यांना कळते. इंग्रजीत 'दॅट' लावून तिथे 'आय' ठेवला तर येणारा बदलतो, अब्बूंऐवजी सांगणारा येणार असा अर्थ होतो. म्हणून 'ही वुड कम द नेक्स्ट डे'. नियमांचा तक्ता पाठ करण्याआधी एवढे एक वाक्य नीट समजले तर अर्धे काम झाले.

आणि 'शी गो'. वर्गातली कोणतीही मुलगी "ती जातो" असे म्हणणार नाही, तिच्या कानाला ते खुपेल. तीच मुलगी 'शी गो टू स्कूल' लिहिते आणि काही खुपत नाही. नियम तिला पाचवीपासून पाठ आहे. कान तयार नाही, कारण तिने इंग्रजी मोठ्याने पुरेसे वाचलेले नाही, ऐकलेलेही नाही. रोज वीस मिनिटे मोठ्याने वाचायला आम्ही सांगतो ते याचसाठी. मनातल्या मनात वाचून हे होत नाही.

थोडी गंमतही असू द्यावी. कृतिपत्रिकेत शब्दसाखळी विचारतात. दिलेल्या शब्दाच्या शेवटच्या अक्षरावरून पुढचा शब्द, त्याच्या शेवटच्या अक्षरावरून त्यापुढचा. उर्दू शाळांत बैतबाजी खेळलेल्या मुलांना हे शिकवावे लागत नाही. रात्री जेवणानंतर दस्तरखान उचलण्याआधी पाच मिनिटे इंग्रजी नामांची बैतबाजी खेळा, मग क्रियापदांची, मग विशेषणांची. आणि मुलांना हेही सांगा की 'अल्जेब्रा'मध्ये आपला 'अल-जब्र' आहे, 'कॉटन'मध्ये अरबी 'कुतुन', 'खाकी'त 'खाक'. तुम्ही वाचत आहात त्या मासिकाला इंग्रजीत 'मॅगझिन' म्हणतात. तो शब्द अरबी 'मखाजिन'वरून गेला, म्हणजे कोठारे, आणि आपला 'खजिना' त्याच घराण्यातला.

वेळेचे नियोजन जरा वेगळे करावे लागेल. हिजरी वर्ष सुमारे 11 दिवसांनी लहान असल्याने रमजान मागे मागे सरकतो, आणि 2025 व 2026 मध्ये दहावीचे पेपर आणि रोजे एकत्र आले. रमजानमध्ये नवा सबक घेऊ नये असे आमचे मत आहे. तोपर्यंत नवे संपवावे आणि त्या दिवसांत फक्त मंजिल ठेवावी. सहरीनंतर फजरची नमाज झाली की डोके ताजे असते, घर शांत असते. त्या अर्ध्या तासात एक जुनी कृतिपत्रिका घड्याळ लावून सोडवता येते. तरावीहनंतर रात्री बारापर्यंत जागून मुले जे वाचतात, त्यातले सकाळी फार उरत नाही.

एक गोष्ट सांगताना आम्हाला दरवर्षी वाईट वाटते. घरात दहावीला मुलगा असेल तर क्लासची फी कर्ज काढून भरली जाते. मुलगी असेल तर "पास होईल तेवढं बघू" म्हणतात. तिची संध्याकाळ भांड्यांत आणि धाकट्यांना सांभाळण्यात जाते. मग एका इंग्रजीत ती राहिली की "आता बस झालं" असा निर्णय होतो, आणि स्थळे पाहायला सुरुवात. क्लास परवडत नसेल तर नसू द्या. वर सांगितलेल्या सगळ्याला एक वही आणि एक ऐकणारा एवढेच लागते. पण मगरिब ते इशा एवढा वेळ तिला मोकळा द्या. त्या वेळात तिला पाणी आणायलाही उठवू नका. आणि राहिलीच एखाद्या विषयात, तर जून-जुलैमध्ये पुरवणी परीक्षा असते. निकालानंतर शाळेत जाऊन लगेच फॉर्म भरावा, मुदत थोड्या दिवसांचीच असते.

ज्या भगिनींचे शिक्षण पूर्वीच सुटले, त्यांच्यासाठी 17 नंबरचा फॉर्म आहे. तो भरून शाळेत न जाता खासगी विद्यार्थी म्हणून दहावीला बसता येते. मुलीची वही हातात धरून रोज शब्द ऐकणाऱ्या अम्मीचे 400 शब्द तोवर झालेलेच असतील. फॉर्म भरण्याची मुदत परीक्षेच्या कितीतरी महिने आधी संपते, तेव्हा पुढच्या वर्षासाठी विचार असेल तर नवीन शैक्षणिक वर्ष सुरू होताच जवळच्या माध्यमिक शाळेच्या कार्यालयात चौकशी करून ठेवावी.