मॉडेल म्हणजे बॅकअप नव्हे

दिवाळीच्या सुट्टीत मी 'सिटीज : स्कायलाइन्स' या शहर वसवण्याच्या गेमसाठी दिल्लीचा 'हॉल ऑफ नेशन्स' बनवला. चार रात्री गेल्या. स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकला, तर एका मित्राने लिहिलं, "भारी! पाडला तर पाडला, आता कायमचा जपला गेला ना!" त्याने कौतुकच केलं होतं. मला मात्र ते वाक्य अजून खटकतंय.

आधी इमारतीबद्दल. १९७२च्या आंतरराष्ट्रीय व्यापार मेळ्यासाठी ती प्रगती मैदानावर उभी राहिली. वास्तुरचनाकार राज रेवल, स्ट्रक्चरल इंजिनिअर महेंद्र राज. असे त्रिमितीय सांगाडे सहसा पोलादाचे असतात. आपल्याकडे तेव्हा पोलाद महाग होतं आणि कामाला हात भरपूर होते. म्हणून तोच सांगाडा काँक्रीटमध्ये, जागेवर साचे लावून ओतला गेला. आत सुमारे ७३ मीटरची मोकळी जागा, मध्ये एकही खांब नाही. सांगाड्याच्या जाड तिरक्या दांड्याच जाळीसारख्या ऊन अडवायच्या. हातात जे होतं त्यातूनच काढलेलं हे उत्तर होतं, आणि ते देखणं होतं.

एप्रिल २०१७मध्ये ती रातोरात पाडली. रेवल कोर्टात गेले होते. उपयोग झाला नाही. वारसा म्हणून संरक्षण मिळायला इमारत ६० वर्षांची हवी, असं कारण पुढे आलं. ही ४५ वर्षांची होती. मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. बातमी दिसली, अंगठ्याने वर सरकवली.

आता माझ्या मॉडेलबद्दल. ब्लेंडरमध्ये मी सांगाड्याचा एक तुकडा बनवला आणि कॉपी करत गेलो. गेम अडखळू नये म्हणून सांधे सोपे केले. म्हणजे जिथे महेंद्र राज यांचं खरं डोकं लागलं होतं, तेच मी उडवलं. आणि या गेममध्ये इमारतींना आतली बाजू नसतेच. हॉल ऑफ नेशन्सचं सगळं मोल आत उभं राहण्यात होतं. मी जपलं ते टरफल.

आमच्या धंद्यात बॅकअपची व्याख्या साधी आहे: ज्यातून मूळ गोष्ट परत उभी करता येते, तो बॅकअप. माझ्या फाइलमध्ये लोखंडी सळ्या नाहीत, काँक्रीटचं प्रमाण नाही, साचे बांधणाऱ्या सुताराचा हात नाही. तिला बॅकअप म्हणणारा इंजिनिअर नोकरीवर टिकणार नाही.

कुणी म्हणेल, शहर म्हणजे संग्रहालय नव्हे, जुनं जाऊन नवं येणारच. मान्य. तिथे आज 'भारत मंडपम' आहे, आणि राजधानीला मोठं संमेलन केंद्र हवं होतं हेही मान्य. माझं भांडण वेगळं आहे. 'थ्रीडी स्कॅन आहे, फोटो आहेत' हे वाक्य पाडणाऱ्याच्या मनाची टोचणी कमी करतं. आणि ते पुरवणारे आम्हीच, हौशी मॉडेलवाले.

गंमत म्हणजे या गेममध्ये आपोआप वाढणाऱ्या कुठल्याही घरावर क्लिक करून 'ऐतिहासिक' अशी खूण करता येते. मग त्याचं रूप बदलत नाही. वयाची अट नाही. दिल्लीतला ६० वर्षांचा निकष मुंबईत लावला, तर १९८३ची चार्ल्स कोरियांची कांचनजंगा २०४३पर्यंत वारसा ठरणार नाही. पुण्यातली त्यांचीच आयुका त्याहून तरुण. या इमारती अजून उभ्या आहेत. त्यांचे मॉडेल जरूर बनवा, पण आधी त्यांच्यासमोर जाऊन उभे राहा, आणि पाडायची नोटीस निघण्याआधी बोला.

माझं मॉडेल मी डिलीट केलेलं नाही. फक्त वर्णनातला 'जतन' हा शब्द काढला. आता तिथे एवढंच आहे: 'ही इमारत १९७२ ते २०१७ दिल्लीत होती. आपण ती पाडली.'