काट्यांना दोष देण्यापूर्वी

१९६७ सालच्या अमेरिकन फोर्ड मस्टँग मोटारीत पेट्रोलचा आणि तापमानाचा असे दोन्ही काटे एकदमच टोकाला जाऊन बसले, की पुष्कळजण नवे मीटर आणतात. मला हे पटत नाही. तुम्हीच सांगा, दोघे एकाच वेळी कसे बिघडतील? दोघांना वीज पुरवणारी डबी आधी पाहावी. तिच्यातील द्विधातूची पट्टी तापली की वाकून जोड तोडते, निवली की पुन्हा जोडते. त्यामुळे बॅटरीच्या १२ व्होल्टऐवजी मीटरना सरासरी ५ व्होल्टच मिळतात. गंजामुळे डबीचा मोटारीच्या सांगाड्याशी संपर्क तुटला, तर पट्टी तापतच नाही. पुरे १२ व्होल्ट पुढे जातात. मग नवा मीटरही जळू शकतो! एकच काटा चुकत असेल, तर मात्र डबीला सोडा आणि त्या काट्याची तार तपासा.