बूस्ट मीटर: गरज की फिजूल खर्च?

इचलकरंजीहून कर्वेनगरात टेम्पोने कापड आणणाऱ्या व्यापारी बांधवांसमोर हा सवाल आहे. सुपरचार्जर इंजिनच्या पट्ट्यावर फिरतो, टर्बो धुराच्या जोरावर. दोन्ही इंजिनात जादा हवा दाबतात. तो दाब हा मीटर दाखवतो. हवेचा पाइप फाटला की भरलेली गाडी कात्रज बोगद्याच्या चढावर दम सोडते, काळा धूर ओकते, डिझेल जास्त खाते. जुन्या, साध्या पंपाच्या टर्बो गाडीत मीटर जरूर बसवा. चढावरचा नेहमीचा आकडा ड्रायव्हरने लक्षात ठेवावा, तो घसरला की पाइप तपासावा. नव्या बीएस-६ गाडीत दाबाचा सेन्सर कंपनीचाच असतो, बिघाड झाला की दिवा लागतो. तिथे नळीला जोड मारून वॉरंटी धोक्यात घालणे घाट्याचा सौदा आहे.