ठाणे जिल्ह्याची भरभराट आणि आपल्या घराचा कागद

ठाणे जिल्ह्याचे भविष्य उज्ज्वल आहे, असे बिल्डरांचे फलक सांगतात आणि त्यात खोटे फारसे नाही. 2011च्या जनगणनेत हा देशातला सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा होता. तेव्हा इथे एक कोटी दहा लाखांहून जास्त माणसे राहत होती. 2014 मध्ये पालघर वेगळा झाला, तरी मुंबईत न मावणाऱ्यांचा ओघ थांबला नाही. नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ऑक्टोबर 2025 मध्ये झाले. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोचे काम चालू आहे. बुलेट ट्रेनचे ठाणे स्थानक शीळ-दिवा पट्ट्यात म्हातार्डीला होणार आहे. जमिनीचे भाव वाढणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

माझा प्रश्न वेगळा आहे. मुंब्रा, कौसा, भिवंडी, मीरा रोड इथल्या आपल्या माणसाला या भरभराटीत काय मिळणार? भाव वाढल्याचा फायदा ज्याच्या नावावर घर आहे त्याला होतो. ज्याच्या हातात नोटरी केलेला स्टॅम्प पेपर आणि बिल्डरच्या चार पावत्या आहेत, त्याला वाढत्या भावाची भीतीच वाटायला हवी. जमीन महाग झाली की तिचे खरे-खोटे मालक जागे होतात.

आपण या अवस्थेत कसे आलो? 1992-93च्या दंगलींनंतर मुंबईतून हजारो कुटुंबे मुंब्र्याला आली. सुरक्षितता हवी होती आणि खिशात पैसे कमी होते. मुंबईच्या चांगल्या सोसायट्यांत नाव ऐकून दार बंद होण्याचा अनुभव आजही अनेकांना येतो. ज्याला चार ठिकाणी घर शोधता येत नाही, तो मिळेल ते घर मिळेल त्या अटीवर घेतो. बेकायदा इमारतींचा बाजार याच नाइलाजावर उभा राहिला.

कमाईचे चित्रही तसेच. भिवंडीचे यंत्रमाग कित्येक वर्षे मंदीचा मार खात आहेत. त्यांच्या शेजारी मोठमोठी गोदामे उभी राहिली, पण तिथली बरीच कामे ठेकेदाराच्या हाताखालची. छोटा धंदा, रिक्षा, शिलाई, हमाली यांना सॅलरी स्लिप नसते आणि स्लिप नसली की कर्ज नाही. काही बँका मुस्लिम वस्त्यांना ‘निगेटिव्ह’ विभाग समजतात, याची नोंद सच्चर समितीने 2006 मध्येच केली आहे.

त्यात व्याजाचा प्रश्न. ज्यांना व्याज द्यायचे नाही, त्यांच्या श्रद्धेचा मला आदर आहे. पण त्याचा एक परिणाम आपण लक्षात घेत नाही. कर्ज देताना बँकेचा वकील जमिनीचा सर्च काढतो, मंजूर नकाशा मागतो. हे सगळे बँक स्वतःच्या पैशासाठी करते, पण त्यात ग्राहकही थोडाफार वाचतो. भिशी उचलून, बायकोचे दागिने मोडून, आखाती देशातल्या भावाकडून पैसे मागवून जो बिल्डरला थेट हप्ते देतो, त्याच्या वतीने कागद बघणारे कोणी नसते. तिथे चालतो तो ‘अपना आदमी है’ हा भरवसा.

हा भरवसा किती महाग पडतो, ते आपण पाहिले आहे. 4 एप्रिल 2013 रोजी शीळफाट्याच्या लकी कंपाउंडमध्ये बांधकाम चालू असलेली बेकायदा इमारत कोसळली आणि 74 जीव गेले. डोंबिवलीच्या 65 इमारतींची गोष्ट त्याहून सावध करणारी आहे. तिथे खोट्या परवानग्यांच्या जोरावर महारेराचा क्रमांकही मिळवला होता. 2024 मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. म्हणजे हा रोग एका समाजाचा नाही आणि नुसता रेरा क्रमांक बघूनही भागत नाही.

यावर एक उत्तर नेहमी मिळते: कायदेशीर घर परवडत असते तर इथे कोण आले असते? उत्तर खरे आहे. म्हणूनच राहणाऱ्याला गुन्हेगार ठरवून बुलडोझर आणि बांधणाऱ्याला व डोळेझाक करणाऱ्याला मोकळे रान, हा न्याय मला मान्य नाही. ठाण्यातली क्लस्टर योजना मुंब्र्यातल्या कुटुंबापर्यंत पोहोचायला हवी आणि भाड्याची स्वस्त घरे बांधायला हवीत. पण सरकारकडे हे मागताना आपल्या हातातले कामही करायला हवे.

ते काम फार अवघड नाही. रेरा कायद्यानुसार नोंदणीकृत करार केल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. प्रकल्प पाचशे चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीवर किंवा आठ सदनिकांपर्यंतचा असेल, तर त्याला रेरा नोंदणीची सक्ती नाही. अशा छोट्या इमारतींत दुप्पट सावध राहावे. बांधकाम परवानगीची प्रत बिल्डरकडून घेऊन समाधान मानू नये, महापालिकेत जाऊन ती पडताळावी. नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे. आणि घर फक्त बाईच्या नावावर घेतले तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. मुलीबाळींच्या हक्काच्या बाता मारणाऱ्यांनी निदान इथे तरी हिशोब करावा.

मशिदींच्या ट्रस्टींना आणि जमातींना माझी एक विनंती आहे. प्रत्येक मोहल्ल्यात आठवड्यातून एक संध्याकाळ एखादा वकील आणि एखादा इंजिनिअर बसवा. जुम्याच्या बयानात कधीतरी घराच्या व्यवहारावरही बोला. कुरआनमधली सर्वांत लांब आयत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आणि साक्षीदार घेण्याबद्दल आहे. ती पाठ असलेले हाफिज आपल्या गल्लीगल्लीत आहेत आणि त्याच गल्लीत आयुष्याची पुंजी तोंडी शब्दावर दिली जाते.

जिल्ह्यात मेट्रो येईल, विमाने उडतील, भाव चढतील. तेव्हा आपले घर कोणाच्या नावावर असेल, हे आज उपनिबंधक कार्यालयात ठरते. पुढचा हप्ता देण्याआधी एकदा तिकडे जाऊन या.