विश्लेषण : प्लॉटवाल्यांच्या हाती माइक, जमिनीच्या व्यवहारात पॉडकास्टचा 'ब्रँड' किती विश्वासाचा?

सातारा-सांगलीकडे जमिनीत पैसे गुंतवणाऱ्या माणसाची पत आजवर तहसील कचेरीबाहेरच्या चहाच्या टपरीवर, दुय्यम निबंधक कार्यालयाच्या पायरीवर आणि गावच्या जत्रेतल्या फ्लेक्सवर ठरत असे. आता त्यात पॉडकास्टची भर पडते आहे. दोन माइक, मागे पिवळा दिवा, समोर एखादा वकील किंवा निवृत्त अधिकारी आणि तासभर गप्पा. बोलणारा माणूस प्लॉट विकत नाही, 'माहिती देतो'. पण दहा भाग ऐकून झाल्यावर फोन मात्र त्यालाच जातो. यात गैर काहीच नाही. प्रश्न एवढाच आहे, की हा विश्वास कशाच्या जोरावर उभा राहतो आणि व्यवहार फसला तर त्याची जबाबदारी कोणाची.

पॉडकास्टच का?

रीलमध्ये प्लॉट दिसतो, माणूस कळत नाही. तासभराच्या बोलण्यात तो कळल्यासारखा वाटतो. 'थिंक बँक', 'अमुक तमुक', 'मित्रम्हणे' यांसारख्या कार्यक्रमांनी मराठी श्रोत्यांना लांबलचक गप्पा ऐकण्याची सवय लावली. त्याआधी सांगली आकाशवाणीवरचा शेतीसल्ला ऐकून पेरणीचा विचार करणारी पिढी या भागाने पाहिली आहे. आवाजावर विश्वास ठेवणे आपल्याला नवे नाही. फरक इतकाच, की आकाशवाणीवर बोलणाऱ्या कृषी अधिकाऱ्याला बियाणे विकायचे नसायचे.

या भागात अशा आवाजाला मोठा श्रोतावर्गही तयार आहे. खानापूर, आटपाडी, तासगाव तालुक्यांतील गलाई व्यावसायिक सोने-चांदी शुद्ध करण्याच्या कामासाठी देशभर विखुरले आहेत. पाटण-जावळीतील हजारो माणसे माथाडी म्हणून मुंबई-नवी मुंबईत राबली. साताऱ्यातल्या गावागावांतून सैन्यात गेलेले जवान निवृत्तीच्या पैशाचे काय करायचे, या विचारात असतात. या सगळ्यांची एकच इच्छा असते, गावाकडे चार गुंठे असावेत. पण प्रत्यक्ष येऊन जमीन पाहायला सवड नसते. अशा माणसाच्या कानात रोज रात्री आपल्याच बोलीतला आवाज पडू लागला, की तो घरातला होतो.

अमेरिकेत काय घडले?

जोशुआ डॉर्किन यांनी २००४ मध्ये सुरू केलेल्या 'बिगरपॉकेट्स' या संस्थेने २०१३ मध्ये पॉडकास्ट काढला. छोटे गुंतवणूकदार त्यात आपले सौदे, चुका, भाड्याचे हिशेब सांगत. त्याचे एक निवेदक ब्रँडन टर्नर यांनी पुढे स्वतःची गुंतवणूक कंपनी काढली आणि लोकांकडून भांडवल उभे केले. श्रोता आधी शिष्य होतो, मग गुंतवणूकदार, असा हा रस्ता. आपल्याकडचे अनेक जण आज तोच गिरवू पाहत आहेत.

या रस्त्याचे दुसरे टोकही अमेरिकेतच दिसले. समाजमाध्यमांवरून घसघशीत परताव्याच्या गोष्टी करणारे ग्रँट कार्डोन यांच्या कंपनीविरुद्ध एका गुंतवणूकदाराने दावा लावला. डिसेंबर २०२२ मध्ये तिथल्या नवव्या सर्किट अपील न्यायालयाने म्हटले, की एखाद्या ठराविक ग्राहकाला उद्देशून न बोलता समाजमाध्यमांवरून सगळ्यांना गुंतवणुकीचे आवाहन करणाराही कायद्याच्या नजरेत 'विक्रेता' ठरू शकतो. 'मी तर फक्त बोलत होतो' हा बचाव तिथे लंगडा पडला.

आपल्याकडचा अनुभव

नामवंत आवाज आणि जमीन यांची सांगड महाराष्ट्राला नवी नाही. पुण्याचे डी. एस. कुलकर्णी यांनी टेलिफोन स्वच्छ करून सुगंधी ठेवण्याच्या व्यवसायापासून बांधकाम क्षेत्रापर्यंतचा प्रवास व्याख्यानांतून घरोघरी पोहोचवला. 'घराला घरपण देणारी माणसं' हे त्यांचे घोषवाक्य कोणाला माहीत नव्हते? ठेवी परत न मिळाल्याच्या तक्रारींवरून त्यांच्यावर गुन्हे दाखल झाले, फेब्रुवारी २०१८ मध्ये अटक झाली आणि २०२२ मध्ये ते जामिनावर बाहेर आले. ठेवीदारांतील अनेकांनी ताळेबंदापेक्षा माणसाकडे पाहून पैसे ठेवले होते. 'पीएसीएल'ने तर शेतजमिनीच्या नावावर देशभरातून ४९ हजार कोटींहून अधिक रुपये गोळा केले. 'सेबी'ने ऑगस्ट २०१४ मध्ये ती बेकायदा सामूहिक गुंतवणूक योजना ठरवून पैसे परत करण्याचा आदेश दिला. 'सगळे मिळून दहा एकर घेऊ, तुमचा वाटा पाच लाख' असे माइकवरून सांगणाऱ्याने हे प्रकरण आधी वाचावे.

कायद्याच्या कक्षेत पॉडकास्ट येतो का?

येतो. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यात जाहिरातीची व्याख्या कोणत्याही माध्यमातील, कोणत्याही स्वरूपातील प्रसिद्धी इतकी व्यापक आहे. खरेदीदार आणि विक्रेता यांची 'कोणत्याही माध्यमातून' गाठ घालून देऊन मोबदला घेणारा त्याच कायद्यानुसार एजंट ठरतो आणि एजंटाला महारेराची नोंदणी लागते. त्यासाठी प्रशिक्षण व परीक्षेची अटही आता आहे. ५०० चौरस मीटरपेक्षा, म्हणजे साधारण पाच गुंठ्यांपेक्षा, मोठ्या जागेत प्लॉट पाडून विकायचे तर नोंदणीआधी जाहिरातही करता येत नाही. नोंदणी टाळणाऱ्या प्रवर्तकाला प्रकल्प खर्चाच्या १० टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. ऑगस्ट २०२३ पासून महारेराने जाहिरातींत क्यूआर कोड सक्तीचा केला. ऐकायच्या माध्यमात तो दाखवणार कसा, असे कोणी विचारेल. पण नोंदणी क्रमांक मोठ्याने वाचायला काय हरकत आहे?

पाहुणा पैसे देऊन बसला असेल तर तेही सांगावे लागते. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये समाजमाध्यमांवरील प्रभावकांसाठी तशा सूचना काढल्या आहेत. ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी १० लाख रुपयांपर्यंत दंड आहे, पुन्हा तसेच केले तर तो ५० लाखांपर्यंत जातो.

ज्यावर बोलले जात नाही

खरी अडचण कायद्यापेक्षा मौनाची आहे. 'नवीन महाबळेश्वर'मुळे भाव कसे चढतील, यावर तासभर बोलता येते. महाबळेश्वर-पाचगणी परिसर जानेवारी २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे आणि तिथे बांधकामावर कडक बंधने आहेत, हे वाक्य दहा सेकंदांत उरकले जाते. यवतेश्वर-कास रस्त्यावरील अनधिकृत बांधकामांचा वाद वर्षानुवर्षे चालू असतानाही 'व्ह्यू पॉइंट प्लॉट'चे कौतुक थांबत नाही.

सांगलीत प्रश्न पाण्याचा. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले. २००५ आणि २०२१ चे पूर वेगळेच. ज्या पॉडकास्टमध्ये सांगलीच्या प्लॉटची चर्चा होते आणि निळ्या-लाल पूररेषेचा उल्लेखही होत नाही, तो बंद करावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. शामरावनगरसारख्या गुंठेवारी भागात पावसाळ्यात राहणाऱ्यांना विचारा.

कागदांचेही तसेच. कोयना, वारणा, धोम, उरमोडीच्या प्रकल्पग्रस्तांना दिलेल्या जमिनी बहुधा भोगवटादार वर्ग-२ च्या. परवानगीशिवाय त्यांची विक्री होत नाही. लाभक्षेत्रातल्या कित्येक सातबाऱ्यांवर 'इतर हक्कात' पुनर्वसनाचा शेरा असतो. शेतजमीन घ्यायला घेणारा शेतकरी असावा लागतो. ग्रामीण भागात तुकडेबंदीसाठीचे प्रमाणभूत क्षेत्र २०२३ मध्ये जिरायतीला २० आणि बागायतीला १० गुंठे झाले. यावर दलालांनी काढलेली पळवाट म्हणजे पाच-दहा जणांच्या नावे एकच सामायिक खरेदीखत. 'सातबाऱ्यावर नाव लागेल' हे खरे असते, पण आपला तुकडा नेमका कोणता, ते सातबारा सांगत नाही. पुढे वाटणीवरून, रस्त्यावरून भांडणे लागतात आणि कर्जासाठी बँक दारात उभे करत नाही.

मग पॉडकास्ट करूच नये का?

जरूर करावा. एखाद्या गुंतवणूकदाराला खरोखर नाव कमवायचे असेल तर याहून स्वस्त साधन नाही. चांगला माइक, शांत खोली आणि दर आठवड्याला न चुकता एक भाग, एवढ्यावर सुरुवात होते. पण त्याने सगळ्या महाराष्ट्रावर बोलू नये. एकच तालुका धरावा. निवृत्त तलाठ्याला बोलवून फेरफार कसा वाचायचा ते विचारावे, भूकरमापकाकडून मोजणीतले घोळ ऐकवावेत, पूररेषेत घर असलेल्या बाईला बोलू द्यावे. स्वतःचा बुडालेला सौदा आकड्यांसह सांगावा. ज्या गावाबद्दल बोलतो तिथे आपली जमीन आहे का, हे सुरुवातीलाच जाहीर करावे. नाहीतर भाव वाढवण्यासाठी बोललो, अशी शंका येणारच.

ऐकणाऱ्याने फोन करण्याआधी अर्धा तास काढावा. सातबारा, फेरफार आणि आठ-अ ऑनलाइन पाहता येतात. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर सूची क्रमांक दोन शोधता येते, त्यातून शेजारच्या जमिनीचा खरा भाव कळतो. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्प आणि एजंट दोन्ही तपासता येतात. झोन दाखला आणि तीस वर्षांचा शोध अहवाल आपल्या वकिलाकडून घ्यावा, पॉडकास्टमधल्या वकिलाकडून नव्हे. आणि बोलणाऱ्याला पहिलाच प्रश्न विचारावा : या व्यवहारात तुम्हाला किती टक्के मिळणार?