आवाज गेला म्हणून फॉरमॅट? आधी निदानाचे पैसे घ्यायला शिका



डेस्कटॉपचा आवाज गेला तर काय काय तपासायचं, ते या आठवड्याच्या व्हिडिओत स्क्रीनवर दाखवलं आहे. इथे मात्र मला माझं मत मांडायचं आहे. फक्त आवाज गेला म्हणून कॉम्प्युटर फॉरमॅट करणं ही आपल्या धंद्यातली वाईट सवय आहे, आणि ती दुकानदार अन् ग्राहक दोघांनी मिळून लावलेली आहे.

मी कुणाकडे बोट दाखवत नाही. हे मी स्वतः केलेलं आहे.

2014 चा जून महिना. बीबीए करून चिखलीत दुकान टाकलं, त्याला दीडेक वर्ष झालं होतं. जवळच्या खेड्यातले एक कृषी केंद्रवाले काका मोटरसायकलवर सीपीयू बांधून आले. "भाऊ, कॉम्प्युटर मुका झाला. काहीच आवाज येऊन नाही राह्यला, पा बरं." दुकानात गर्दी होती. मी सीपीयू लावूनही पाहिला नाही. एवढंच विचारलं, "काका, सी ड्राइव्हमध्ये काही महत्त्वाचं आहे का?" ते म्हणाले, "नाही रे भाऊ, गाणे-फोटो सगळे डी मध्ये." झालं. विंडोज 7 नव्याने टाकली. संध्याकाळी माझ्या मॉनिटरवर गाणं लावून दाखवलं, आवाज खणखणीत. 350 रुपये घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच फोन. "भाऊ, आवाज तं नाहीच. अन् टॅली बी नाही."

गाडी काढून गेलो. काकांनी नवा मॉनिटर घेतला होता, एचडीएमआय केबलचा. एचडीएमआय केबलमधून चित्राबरोबर आवाजही जातो. विंडोज सगळा आवाज मॉनिटरकडे पाठवत होती, आणि त्या मॉनिटरला स्पीकरच नव्हते. माझ्या दुकानात जुना व्हीजीए केबलचा मॉनिटर, म्हणून तिथे आवाज आला. सेटिंगमध्ये आउटपुट बदललं, दोन क्लिक, काम झालं.

पण टॅलीचा डेटा परत आला नाही. टॅली ईआरपी 9 चा डेटा फोल्डर, आपण जागा बदलली नाही तर, सी ड्राइव्हमध्येच असायचा. काकांना ते माहीत नव्हतं. मला माहीत होतं, पण मी विचारलं नाही. रिकव्हरी सॉफ्टवेअर चालवून पाहिलं, फाइली अर्धवट निघाल्या. बॅकअप होता तो मार्चअखेरचा. त्यानंतरची बियाण्याची, खताची उधारी गेली. आपल्याकडे पेरणीला नेलेल्या मालाचे पैसे सोयाबीन विकल्यावर येतात, हे तुम्हाला सांगायला नको. म्हणजे त्या फोल्डरमध्ये काकांचा अख्खा हंगाम होता.

बिलबुकाच्या कार्बन कॉपी होत्या. दुकान बंद करून अकरा संध्याकाळी मी तिथे बसून एंट्र्या मारल्या. 350 रुपये परत केले. काही उधारी बिल न फाडता थेट कॉम्प्युटरवर घेतलेली होती, ती सापडली नाही. काही शेतकऱ्यांनी दिवाळीत स्वतःहून आकडा सांगून पैसे दिले. बाकीच्यांचं काय झालं, ते काकांनी कधी सांगितलं नाही आणि मला विचारायची हिंमत झाली नाही.

आता मुद्द्यावर येतो. असं का होतं? कारण आपण निदानाचे पैसे मागत नाही. दोन क्लिकमध्ये आवाज आला की ग्राहक म्हणतो, "एवढ्याशा कामाचे कसले पैसे?" आणि दोन तास सीपीयू ठेवून फॉरमॅट मारला की तोच ग्राहक चारशे रुपये मुकाट्याने देतो. मेहनत दिसली म्हणून पैसे मिळतात. मग दुकानदार मेहनत दाखवायला लागतो. बीबीएला कॉस्टिंग शिकलो होतो, पण नेमकं काय विकायचं हे काउंटरवर उशिरा कळलं. आपण बिघाड कुठे आहे ते शोधण्याचं ज्ञान विकतो. विंडोज टाकणं हे त्यातलं एक साधन आहे.

निदान म्हणजे काय? बिघाड अर्धा-अर्धा करत जायचा.

पहिलं, स्पीकर वेगळा करा. स्पीकरची पिन मोबाइलला लावून पाहा, किंवा सीपीयूला इयरफोन लावा. स्पीकरच खराब असेल तर सीपीयूला हात लावायचं कामच नाही. पिन मागच्या हिरव्या जॅकमध्ये आहे ना, तेही बघा. गुलाबी जॅक माइकचा असतो. साफसफाईनंतर पिन तिथे गेलेली मी कितीदा तरी पाहिली आहे.

दुसरं, घड्याळाजवळच्या स्पीकरच्या चिन्हावर क्लिक करून आउटपुट कोणतं निवडलंय ते बघा. मॉनिटरचं नाव दिसत असेल तर ते बदलून स्पीकर करा. व्हॉल्यूम मिक्सरही उघडा. कधी कधी फक्त ब्राउझर म्यूट असतो.

तिसरं, रीस्टार्ट करा. शटडाउन नाही, रीस्टार्टच. विंडोज 10 आणि 11 मध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउनने सिस्टीम पूर्ण नव्याने सुरू होत नाही, रीस्टार्टने होते. तरी आवाज नसेल तर सर्व्हिसेसमध्ये जाऊन 'विंडोज ऑडिओ' ही सर्व्हिस चालू आहे का ते बघा.

चौथं, डिव्हाइस मॅनेजर. साउंडच्या नावावर खाली जाणारा बाण असेल तर ते बंद केलेलं आहे, एनेबल करा. पिवळी खूण असेल तर बहुतेक ड्रायव्हरचं काम. अपडेटनंतर आवाज गेला असेल तर 'रोल बॅक ड्रायव्हर' करून बघा. नवा ड्रायव्हर घ्यायचा तर मदरबोर्ड कंपनीच्या साइटवरूनच घ्या. साउंडचं नावच दिसत नसेल तर बायोसमध्ये ऑनबोर्ड ऑडिओ बंद आहे का ते पाहा.

पाचवं, लिनक्सचा पेनड्राइव्ह. त्यावरून कॉम्प्युटर 'लाइव्ह' चालू करा, इन्स्टॉल करू नका. तिथे आवाज आला तर हार्डवेअर ठीक, गडबड विंडोजमध्ये. नाही आला तर फॉरमॅट मारूनही बहुतेक काही होणार नाही. ऑडिओ चिप गेली असेल तर मदरबोर्ड बदलायची गरज नाही. दोन-अडीचशे रुपयांचं यूएसबी साउंड कार्ड लावा, काम चालतं.

याला सवय झाल्यावर पंधरा-वीस मिनिटं लागतात. सीझनला गर्दी असते, मान्य. फॉरमॅट लावून दुसऱ्या ग्राहकाकडे वळता येतं, तेही मान्य. कधी विंडोज इतकी बिघडलेली असते की फॉरमॅटशिवाय इलाज नसतो. पण तो शेवटचा उपाय, आणि त्याआधी ग्राहकाला समोर बसवून डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स आणि टॅलीचा फोल्डर कॉपी करायचा. टॅलीप्राइमचा डेटाही सहसा सी ड्राइव्हमध्येच, पब्लिक फोल्डरमध्ये असतो. ग्राहक "काही नाही" म्हणाला तरी आपण उघडून बघायचं.

सध्या एक नवं कारण ऐकायला मिळतं: "तुमची विंडोज 10 जुनी झाली, म्हणून आवाज गेला." विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला हे खरं आहे, आणि सुरक्षेसाठी पुढचा विचार करायलाच हवा. पण सपोर्ट संपल्याने स्पीकर बंद पडत नाही. दोन वेगळी कामं आहेत, वेगळीच सांगा.

माझ्या दुकानात आता बोर्ड आहे: 'तपासणी शुल्क 100 रुपये. बिघाडाचं कारण सांगितलं जाईल.' सुरुवातीला काही ग्राहक परत गेले. पण जे थांबले, ते दुसऱ्यांना घेऊन आले. ग्राहक असाल तर तुम्हीही सीपीयू देताना तीन प्रश्न विचारा: कारण काय सापडलं? काय काय पुसलं जाणार? माझा हिशोब कुठे कॉपी केला? उत्तर मिळालं नाही तर सीपीयू उचलून घरी आणा. आणि दोन मिनिटांत काम झालं तर शंभर रुपये खुशीने द्या, त्या दोन मिनिटांनी तुमचा डेटा वाचवला आहे.

ते काका आजही माझ्याकडेच येतात. फक्त सीपीयू ठेवून जात नाहीत. काम होईपर्यंत समोर खुर्ची टाकून बसतात, अन् मीही त्यांना बसू देतो.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोवर आज दुकान बंद करण्याआधी एक बॅकअप पेनड्राइव्हवर घ्या.