आग लागण्याआधीचा मुकादम

कापसाचा शेवटचा वेचा घरी आला, ज्वारी खळ्यावरून उठली, की कोरडवाहू शेतकऱ्याचे हात रिकामे होतात. जंगलाला लागून असलेल्या गावांतली तरणी पोरं त्याच सुमारास वनखात्याच्या हंगामी कामावर जातात. महाराष्ट्रात वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून असा धरतात. या चार महिन्यांत जाळरेषा साफ ठेवायच्या, रानातल्या कुटीवर मुक्काम करायचा आणि धूर दिसला की धावायचं. जंगलाचं अग्निदल म्हणजे दुसरं कोणी नाही, आपल्याच घरातली माणसं आहेत. म्हणून हा विषय या पानावर.

८ एप्रिल २०२१ रोजी गोंदिया जिल्ह्यातल्या नागझिऱ्यात आग विझवताना तीन हंगामी मजूर मेले. १३ जून २०२४ रोजी उत्तराखंडात बिनसरच्या जंगलात चौघे जागीच गेले. अशा बातमीनंतर चर्चा होते वाऱ्याची आणि मदतीच्या रकमेची. एप्रिल-मेच्या दुपारी वारा फिरणारच, हे धुरा जाळणाऱ्या प्रत्येकाला कळतं. विचारायचा प्रश्न वेगळा आहे. वारा फिरला तर कोणत्या वाटेनं पळायचं, हे टोळीला आधी कोणी दाखवलं होतं का?

अमेरिकेतलं एक उदाहरण सांगतो. ५ ऑगस्ट १९४९. मोंटाना राज्यातली मान गल्च नावाची घळ. विमानातून उड्या टाकून आग विझवायला उतरलेले पंधरा जण, सोबत तिथला एक वनरक्षक. आग खालून उलटली आणि वाळल्या गवताच्या चढावर त्यांच्या मागे लागली. आग चढणीला जोरात धावते. माणूस चढणीला थकतो. वॅग डॉज नावाच्या मुकादमानं ओळखलं की आता माथा गाठता येत नाही. त्यानं काडी ओढून समोरचं गवतच पेटवलं आणि त्या जळालेल्या काळ्या जागेत या, म्हणून हाका मारल्या. कोणी आलं नाही. तो त्या राखेत पालथा पडून राहिला आणि वाचला. आणखी दोघे माथ्यावर पोचून वाचले. तेरा मेले.

मुकादमाची युक्ती बरोबर होती. मग पोरांनी ऐकलं का नाही? ही टोळी अशी एकत्र कधी कामाला लागलेलीच नव्हती. मुकादमाला पोरं पुरती ठाऊक नव्हती, पोरांना मुकादम ठाऊक नव्हता. आगीच्या तोंडी विश्वास तयार होत नाही. तो मुक्कामावर, चुलीशेजारी, आधीच तयार व्हावा लागतो.

अमेरिकेनं १९५७ मध्ये विझवणाऱ्यांसाठी दहा कायमचे नियम केले. पुढं त्याचं सार चार गोष्टींत आलं: उंचावर एक माणूस फक्त पहाऱ्याला; सर्वांशी बोलण्याची सोय; पळण्याची वाट; आणि पोचल्यावर आग येणार नाही अशी जागा. यातल्या तीन गोष्टींना पैसा लागत नाही, डोकं आणि वेळ लागतो. हीच कुटीवरच्या मुकादमाची कामं. पिण्याचं पाणी भरलं का, रात्रभर जागलेल्या माणसाला दुपारी झोप मिळाली का, नवा पोरगा जुन्या माणसाच्या जोडीला आहे का, हे त्यानं रोज पाहायचं. आणि धोका दिसला की आग सोडून टोळी मागं घ्यायची. मागं आलेल्या मुकादमाला कोणी साहेबानं जाब विचारता कामा नये.

आज डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षणाकडून उपग्रहानं पाहिलेल्या आगीची खबर मोबाइलवर येते. चांगली गोष्ट आहे. पण आग कुठं आहे एवढंच उपग्रह सांगतो. पळायचं कुठं, हे मुकादमच सांगणार.

१९२७ च्या वन कायद्याचं ७९ वं कलम जंगलात चराई, लाकूडफाट्याचा हक्क असणाऱ्यांवर आग विझवायला मदत करण्याचं बंधन घालतं. बंधन मान्य. मग विझवणाऱ्याचा जीव राखण्याचं बंधन सरकारवरही हवं.

जिल्हा मेळाव्यात आपण तीन मागण्या मांडू. टोळी १५ फेब्रुवारीलाच नेमा. मार्चमध्ये धूर दिसल्यावर माणसं गोळा करू नका. दरवर्षी शक्यतो तीच माणसं, तोच मुकादम ठेवा, आणि सुरुवातीचे दिवस पूर्ण मजुरीवर शिकवा. प्रत्येकाचा विमा पहिल्या दिवशी उतरवा.

आणि एक गोष्ट आपल्या हातातली. पऱ्हाटी आणि धुरे पेटवताना वारा पाहा, कडेची पट्टी आधी साफ करा, राख थंड होईपर्यंत जागा सोडू नका. रानात शिरलेली ठिणगी विझवायला जाणारा पोरगा बहुतेक वेळा आपल्याच गावचा असतो.